मॅडमना नाही कसं म्हणू?

पत्र : ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ४३, शिलाईकाम करते. मालक २०१० मध्ये गेले. २०११ पासून माझ्या एचआयव्हीवरच्या, एआरटीच्या गोळ्या चालू आहेत. पहिल्यांदा सकाळ-संध्याकाळ होत्या, त्यांनी रक्त कमी झालं, मग रात्रीची एक आली, आणि आता काही वर्षं टीएलडी, तीन औषधांची एकच गोळी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचा आकडा, यंदाही ‘नॉट डिटेक्टेड’ आला. डोस चुकवत नाही, पण डबी लपवून लपवून जीव मेटाकुटीला आलाय. आमच्या सेंटरच्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, पुण्यात नव्या इंजेक्शनची ट्रायल आहे, दोन महिन्यांतून एकदा टोचायचं, गोळ्या बंद. जाण्यायेण्याचे पैसेही देतात. माझ्या दिरांना सगळं ठाऊक आहे, त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘तुला उंदीर करतील. निम्म्यांना नुसतं पाणी टोचतात आणि वर व्हिडिओ काढून ठेवतात.’ मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तिला यातलं काहीच माहीत नाही. मॅडमनी बारा वर्षं माझ्यासाठी इतकं केलंय, त्यांना नाही कसं म्हणू? जाऊ का नको, एवढंच सांगा.

उत्तर :

ताई, आधी मॅडमचं बोलू.

त्या खुर्चीत मी स्वतः सोळा वर्षं बसले आहे. पेशंटच्या मुलांच्या फीपासून रेशनकार्डापर्यंत सगळ्यांत नाक खुपसलंय, आणि ट्रायलसाठी माणसंही पाठवली आहेत. मॅडमनी जे केलं त्यात त्यांचं काम होतं आणि मायाही होती. पण त्याचं बिल ट्रायलच्या कागदावर फाडायचं नसतं. तुम्ही नाही म्हणालात तरी सेंटरवरच्या तुमच्या गोळ्या, तपासण्या, काही म्हणजे काही थांबत नाही. संमतीपत्रात हे छापलेलंच असतं. मॅडमना इतकंच म्हणा, “कागद घरी नेते, वाचते, पुढच्या खेपेला सांगते.” चांगल्या काउन्सेलरला हे ऐकून बरंच वाटतं. मला तरी वाटायचं, कारण तिथल्या तिथे सही करणाऱ्यांचंच पुढे ओझं व्हायचं.

एक माझीच चूक सांगते. कुठल्या शहरात, कुठल्या अभ्यासात, ते राहू दे. दुपारचे साडेचार झाले होते, एका बाईची पाचची शेवटची गाडी होती. बावीस पानांचं संमतीपत्र मी पंचवीस मिनिटांत वाचून दाखवलं. त्या पत्रातलं मराठी कसं असतं ते तुम्हाला कळेलच : ‘यादृच्छिक पद्धतीने’, ‘अन्वेषक’, ‘प्रतिकूल घटना’. असं मराठी मी आजवर कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. बाई मान डोलवत गेल्या, सही केली, गाडी गाठली. तिसऱ्या खेपेला मला विचारतात, “मॅडम, माझी गोळी कधी बदलणार?” त्यांची गोळी बदलणारच नव्हती. कॉम्प्युटरने त्यांना जुनं औषध चालू ठेवणाऱ्या गटात टाकलं होतं. मी ते वाचलं होतं, त्यांनी ऐकलं होतं, कळलं मात्र दोघींच्याही मनात वेगवेगळं. त्या दिवसापासून मी सहीआधी पेशंटलाच सांगायला लावायचे : आता तुम्ही मला समजावा, तुमचं काय होणार आहे. तुम्हीही तसंच करा. त्यांचं बोलून झालं की आपल्या शब्दांत परत सांगा आणि विचारा, “बरोबर ना?”

आता दिरांचं. त्यांच्या बोलण्यात काळजी आहे, तेव्हा रागावू नका.

पाणी टोचण्याची भीती इथे लागू होत नाही. नव्या औषधाची तुलना आजच्या चांगल्यात चांगल्या उपचाराशी करतात. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना चालू टीएलडी, आणि कोण कुठे हे चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे तुमचा धोका वेगळाच आहे : इंजेक्शनच्या आशेने जाल आणि वाट्याला तीच डबी येईल, वर पुण्याच्या फेऱ्या. हे चालणार असेल तरच पुढे जा. हां, काही अभ्यासांत मात्र उपचार मुद्दाम काही काळ थांबवतात, आजार मुळापासून घालवता येतो का हे बघण्यासाठी. ते प्रकरण निराळं, आणि तुम्हाला तसलं काही सुचवलं असेल तर मी सरळ नको म्हणेन. औषध थांबवण्याचा एक मोठा प्रयोग होऊन गेलाय. स्मार्ट नावाच्या अभ्यासात ५,४७२ माणसं होती. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, चांगला असला की गोळ्या बंद, घसरला की पुन्हा चालू, असं निम्म्यांचं केलं. विचार असा की दुष्परिणाम कमी होतील. झालं उलटंच. थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू जास्त दिसले, हृदयाचे आणि किडनीचे त्राससुद्धा, आणि २००६ मध्ये तो बेत बंद करावा लागला. तुमच्या सेंटरवर ‘बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही’ असं जे घोकून घेतात, त्यामागे ही माणसं आहेत.

उंदीर म्हणाल तर पुण्यातल्याच लोकांची गोष्ट ऐका. एचपीटीएन ०५२ नावाच्या अभ्यासात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, एकाला लागण, दुसऱ्याला नाही. आपल्याकडे पुणे आणि चेन्नईत हे काम चाललं. ज्यांनी औषध लवकर सुरू केलं त्यांच्यापासून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. २०११ मध्ये हे इतकं स्पष्ट दिसलं की निकाल ठरल्या वेळेआधीच जाहीर केला आणि दुसऱ्या गटालाही औषध देऊ केलं. व्हायरल लोड दबलेला असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही हे आज आपण छातीठोकपणे सांगतो, त्याच्या मुळाशी ही जोडपीही आहेत. त्यांची नावं कुठे छापून आली नाहीत. त्यांना उंदीर म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण दिरांचा संशय कुठून आला तेही मला समजतं. माणसांना न सांगता-सवरता औषधं दिल्याच्या तक्रारी आपल्या देशात झाल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि त्यानंतरच कायदे आवळले गेले.

व्हिडिओचं म्हणणं तर अर्धं खरं आहे. नव्या औषधी रेणूच्या ट्रायलमध्ये दुबळ्या परिस्थितीतल्या माणसांची संमती घेताना चित्रण करावं लागतं. पण २०१९ च्या नियमांत एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांना वेगळं काढलंय. तिथे फक्त आवाज रेकॉर्ड करायचा, चेहरा नाही. कोणी कॅमेरा लावला तर “आवाजच घ्या” म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शिवाय २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहेच. २०१८ च्या सप्टेंबरपासून तो लागू झाला. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय तुमच्यावर उपचार नाही की संशोधन नाही, आणि तुमची माहिती बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे.

कागद खरा आहे का हे बघायचं असेल तर त्यावर ‘सीटीआरआय’ने सुरू होणारा नंबर शोधा. २००९ पासून आपल्या देशातली प्रत्येक ट्रायल या सरकारी नोंदवहीत घालावी लागते. दिरांना म्हणावं, हा नंबर फोनवर टाका : कोण पैसे घालतंय, कुठल्या दवाखान्यात चाललंय, किती माणसं घेणार, सगळं दिसतं. भीती घालण्यापेक्षा एवढं काम त्यांना द्या. संमतीपत्रात एथिक्स कमिटीचा फोनही असेल. किमान सात जणांची ही समिती, त्यात निम्मे दवाखान्याबाहेरचे, एक तरी साधा, डॉक्टर नसलेला माणूस. तिला फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही.

एवढा वेळ मी कागदावर घालवला, पण मला खरी काळजी औषधाची आहे.

तुम्ही इंजेक्शनचं नाव लिहिलेलं नाही. दोन महिन्यांचं म्हणजे बहुधा कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिनची जोडी. अमेरिकेत २०२१ पासून ती वापरात आहे. आफ्रिकेत युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ५१२ जणांवर केअर्स नावाचा अभ्यास झाला, त्यात वर्षअखेर ही इंजेक्शनं गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२५ मध्ये त्यांना पर्याय म्हणून मान्यता दिली, पण दोन अटींवर : व्हायरल लोड दबलेला हवा आणि हेपॅटायटिस बी नको.

ही दुसरी अट तुमच्यासाठी मोलाची आहे. टीएलडीमधली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधं एचआयव्हीबरोबर हेपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. एखाद्या माणसाला तो आजार असून वर्षानुवर्षं कळतही नाही, कारण गोळी दोन्ही कामं गुपचूप करत असते. गोळी बंद केली, इंजेक्शन सुरू केलं, की एचआयव्ही दबलेला राहतो आणि लिव्हर उसळतं. सेंटरने दिलेल्या तुमच्या हिरव्या पुस्तकात एचबीएसएजीचा, म्हणजे हेपॅटायटिस बीच्या तपासणीचा, रिपोर्ट आहे का, बघा. नसेल तर आधी ती तपासणी. ट्रायलवाले करतातच, पण तुमच्या हातात आकडा असलेला बरा.

दुसरं, तुमच्या जुन्या गोळ्यांचं. २०११ मधली सकाळ-संध्याकाळची गोळी, रक्त कमी झालेलं, म्हणजे त्यात झिडोव्हुडिन असणार आणि जोडीला नेविरॅपिन. मग रात्रीची एक, ती एफाविरेन्झवाली. झोपेत विचित्र स्वप्नं पडायची ना? नेविरॅपिन, एफाविरेन्झ आणि हे रिल्पिव्हिरिन, तिघं एकाच घराण्यातले. पूर्वी कधी डोस चुकले असतील, मालक गेले तेव्हा, माहेरी होतात तेव्हा, आणि त्या काळात विषाणू या घराण्याला सरावला असेल, तर ती आठवण तो शरीरात कुठेतरी जपून ठेवतो. आज ‘नॉट डिटेक्टेड’ असला तरी. केअर्समध्ये अशी जुनी औषधं घेतलेली माणसं होती आणि बहुतेकांचं चांगलंच झालं, त्यामुळे घाबरवत नाही. पण पुण्याच्या डॉक्टरांना सगळा इतिहास सांगा, चुकलेल्या डोससकट. पेशंट आम्हाला खूश करायला ‘एकही चुकला नाही’ म्हणतात. ते बोलणं सेंटरवर खपून जातं, इथे नको.

आणि हे इंजेक्शन एकदा टोचलं की परत काढता येत नाही. शेवटच्या सुईनंतर औषध थोडं थोडं झिरपत वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ अंगात राहतं. मध्येच सोडून दिलं आणि गोळी सुरू केली नाही तर विषाणूला दाबायला ते अपुरं आणि सरावून घ्यायला पुरेसं. कॅबोटेग्रॅव्हिर तुमच्या टीएलडीतल्या डोल्युटेग्रॅव्हिरचं भावंडच आहे. सरावलेला विषाणू मग तुमची आजची चांगली गोळीसुद्धा निकामी करू शकतो. असं होणाऱ्यांचं प्रमाण अभ्यासांत शेकड्याला एखाद-दोन एवढंच होतं. पण ज्यांना झालं त्यांच्यासाठी ते थोडं नव्हतं. टीबी झाला तरी अडचण, कारण रिफॅम्पिसिन या इंजेक्शनला चालत नाही, आणि आपल्याकडे टीबी काही दुर्मिळ नाही.

तुमच्या पत्रातलं खरं दुखणं डबीचं आहे, ते मी विसरलेले नाही. डबीत कापूस भरतात बायका, गोळ्यांचा खुळखुळाट होऊ नये म्हणून. माझ्या एका पेशंटने तर मेथीदाण्याच्या बरणीत ठेवल्या होत्या आणि सासूबाईंनी एकदा फोडणीला हात घातला. त्या हसत सांगायच्या, पण घाम फुटला होता. तेव्हा सहा खेपांत वर्ष निघतं याचं आकर्षण मला पुरेपूर कळतं. फक्त हिशोब नीट घाला. एका वेळी दोन सुया, दोन्ही कुल्ल्यांत एकेक, आणि दोन-चार दिवस ठणका बहुतेकांना असतो. तुम्ही दिवसभर मशीनवर बसता. दुसऱ्या दिवशी लग्नसराईचे ब्लाऊज द्यायचे असले आणि बसवत नसलं तर मुलगी विचारणारच. तारीख पुढे-मागे सरकायला आठवडाभराचीच मुभा. ट्रायलमध्ये सुरुवातीच्या महिन्यांत रक्त काढायला जास्तीच्या फेऱ्या असतात. एसटीला अर्धं तिकीट आहे, ते ठीक, पण स्वारगेटला उतरून परत घरी यायला दिवस जातो, आणि “पुण्याला कशाला?” हा प्रश्न डबीपेक्षा मोठा होऊ शकतो. मिळणारे पैसे प्रवासाचे आणि बुडालेल्या रोजाचे. त्याला मिळकत समजू नका. कोणी भरभक्कम रक्कम सांगत असेल तर उलट दचकायला हवं.

ट्रायल संपल्यावर काय, हे लेखी मागा. सेंटरच्या खिडकीवर तुम्हाला गोळ्या मोफत मिळतात, हे इंजेक्शन तिथे मिळत नाही. पुढे ते देणार का, किती काळ, की शेवटच्या दिवशी पुन्हा टीएलडी, आणि त्या वेळी व्हायरल लोड कोण करणार? आणखी एक बारीक गोष्ट. तुम्ही गेलात तर हिरव्या पुस्तकात नोंद करून घ्या की तुम्ही ट्रायलमध्ये आहात. नाहीतर सेंटरच्या रजिस्टरात तुम्ही ‘औषध सोडलेली’ म्हणून जाल आणि कोणीतरी तुम्हाला शोधत थेट गावात येईल. हे मी पाहिलंय. शोधायला गेलेली मीच होते.

ट्रायलमुळे काही इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देणं ट्रायल करवणाऱ्यांवर बंधनकारक आहे. फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वर्षाचं उत्पन्न असं सगळं विचारतात. लाजून कमी-जास्त लिहू नका. भरपाईचा हिशोब उत्पन्नावर नाही, वय आणि आजाराच्या गंभीरतेवर बसतो. गर्भनिरोधकाचंही विचारतील. पंधरा वर्षं एकटी राहिलेल्या बाईला तो प्रश्न झोंबतो, पण तो प्रत्येकीलाच असतो.

तर, जाऊ का नको. माझं मत : हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तुमचा जुना इतिहास ऐकून ‘चालेल’ म्हणेपर्यंत सही नको. दोन्ही ठीक निघालं आणि ‘चिठ्ठीत गोळीच आली तरी माझी हरकत नाही’ असं तुम्हाला मनापासून वाटलं, तर जायला काही वाईट नाही. तुमची आजची गोळी उत्तम चालली आहे, त्यामुळे नाही म्हणण्यानेही तुमचं काही बिघडत नाही. मधूनच बाहेर पडायचीही मोकळीक आहे, कारण द्यावं लागत नाही. फक्त न सांगता गायब होऊ नका, वर सांगितलं त्यासाठी.

राहिला नॉमिनीचा रकाना. फॉर्मच्या शेवटी तो असतो : आपलं काही बरंवाईट झालं तर भरपाई कोणाला, त्याचं नाव, पत्ता, नातं. बायका तिथे पेन टेकवतात आणि थांबतात. तुमच्या मनात मुलीचं नाव येणार. पण एखाद्या दिवशी त्या नावावर पत्र गेलं तर त्या पाकिटातून तिला सगळं कळेल, तुमच्याकडून नाही. आज दिरांचं नाव घातलंत तरी चालेल, पुढे बदलून घेता येतं. त्यांना मात्र आधी विचारा. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला देतीलच. पानापानावर आजाराचं नाव असतं, तेव्हा ती कुठे ठेवायची ते घरून ठरवून जा. मशीनच्या खणात नको. तिथे बॉबिन शोधायला मुलीचा हात जातो, असं तुम्हीच पत्रात मागच्या पानावर लिहिलंय.